गुलशनाबादचे तोरण

नाशिकला कुणी रामाची नगरी म्हणते, कुणी द्राक्षांची. मोगलाईत मात्र तिचे नाव होते गुलशनाबाद, म्हणजे फुलांचे गाव. पेशवाईत जुने नाव परत आले. फुले काही गेली नाहीत. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी जुन्या नाशकात शिरा, झेंडूच्या राशींतून वाट काढावी लागते. गोदाकाठच्या देवांना हार हवेत, बडी दर्ग्यावर चढवायला फुलांची चादर हवी. फुलवाल्याला दोन्ही गिऱ्हाइके सारखीच.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. ज्या म्हाताऱ्या फुलवाल्या चाचांकडून मी दर वर्षी तोरण घेतो, त्यांच्यापुढे दोन तरुण उभे होते. त्यांनी चाचांचे नाव विचारले, आणि ते ऐकताच येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगू लागले, “देवाची फुलं यांच्याकडून घेऊ नका!” चाचा मान खाली घालून फुले ओवीत राहिले.

वाचकहो, मी मराठीचा मास्तर. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला, हे वर्गात छाती फुगवून सांगतो. त्यांचे गुरू चांद बोधले हेच एकनाथांच्या गुरूंचेही गुरू, अशी परंपरा आहे, तीही सांगतो. आणि त्या संध्याकाळी मी काय केले? घड्याळाकडे पाहिले आणि पुढे चालू लागलो.

मागून खणखणीत आवाज आला. नऊवारी नेसलेल्या एक आजीबाई त्या पोरांना विचारीत होत्या, “तीस वर्षं माझ्या दाराला ह्यांचंच तोरण लागतंय. माझ्या दाराची काळजी तुला कुणी सांगितली रे?”

मला एकदम त्र्यंबकेश्वर आठवले. १३ मे २०२३ रोजी तिथे उरुसाची संदल मिरवणूक देवळाच्या दाराशी आली आणि धूप दाखवण्यावरून वाद पेटला. देवस्थानाने तक्रार केली, सरकारने विशेष तपास पथक नेमले, महाराष्ट्रभर गदारोळ झाला. तेव्हा गावातलेच काही जण पुढे येऊन म्हणाले, पायरीवरून त्र्यंबकराजाला धूप दाखवण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. हे नाकारणारेही होते. पण एवढ्या गलबल्यात शेजाऱ्यासाठी साक्ष द्यायला उभे राहणे सोपे नव्हते. निवृत्तिनाथांच्या समाधीच्या गावाला ते शोभून दिसले.

वारसा पोथीत सुरक्षित असतो. रस्त्यावर मात्र तो कुणीतरी बोलले तरच टिकतो. मी मागे फिरलो आणि आजीबाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “आम्हीही ह्यांचेच गिऱ्हाईक.” आणखी दोघेतिघे थांबले. पोरे काहीबाही पुटपुटत निघून गेली.

आभार नाहीत की तक्रार नाही. चाचांनी दोरा दातांनी तोडला आणि नेहमीप्रमाणे विचारले, “सर, तोरण किती हात?”

“तीन,” मी म्हणालो. पन्नास पावले पुढे गेलो होतो, ते मात्र त्यांना सांगवले नाही.