खाडीची किंमत आणि प्रश्नाचे व्याकरण

आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंनी चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.साठी नाव नोंदवले. विषय शाश्वततेचे अर्थशास्त्र. क्षेत्र कल्याण-डोंबिवलीची खाडी. आम्ही दोघे मराठीचे. आमचा या उद्योगाशी संबंध येण्याचे काही कारण नव्हते. पण प्रश्नावली इंग्रजीत सिद्ध झाली आणि ती मोठागावच्या रेतीबंदरावर माणसांना विचारायची होती. साहजिकच भाषांतरासाठी ती आमच्याकडे आली.

आरंभालाच आडवा आला तो 'शाश्वत' हा शब्द. ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली केलेली व्याख्या तशी साधी आहे: पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागवता याव्यात, अशा बेताने आजच्या गरजा भागवणे. यात अनंतकाळाचा दावा नाही, चार घरी असतो तसा हिशेब आहे. मराठीत मात्र 'शाश्वत' म्हटले की पाठोपाठ आत्मा येतो. ज्या शब्दाने आपण शतकानुशतके वेदान्त सांगितला त्यानेच आता सांडपाण्याची चर्चा करायची. असो, शब्द रूढ झाला आहे.

बाईंनी आम्हाला त्यातला खरा वाद समजावला. रॉबर्ट सोलो यांचे म्हणणे असे, की पुढच्या पिढीला हीच खाडी द्यायला हवी असे नाही. तितक्याच कुवतीचे दुसरे काही, कारखाने म्हणा, विद्या म्हणा, मागे ठेवले तरी ऋण फिटते. हर्मन डेली यांना हे मान्य नव्हते. मासेच उरले नाहीत तर होड्यांचा ताफा काय कामाचा, हा त्यांचा दाखला. तो अमेरिकी प्राध्यापकाचा असला तरी रेतीबंदरावर कोणालाही पटेल. निवट्या, चिंबोऱ्या, बोय यांची जागा नव्या पुलाने कशी भरून काढायची?

पण प्रबंधाला आकडा लागतो आणि खाडी बाजारात विकली जात नाही. मग लोकांनाच विचारायचे, ही त्यावरची रूढ पद्धत. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर 'एक्झॉन वाल्डीझ' जहाजातले तेल सांडले. त्यानंतर अशा उत्तरांवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न तिथे ऐरणीवर आला. केनेथ अ‍ॅरो आणि सोलो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली सांगितले: ठेवावा, पण अटी पाळून. त्यांतली एक अट अशी, की 'वाचवायला काय द्याल' असे विचारावे, 'गमवायला काय घ्याल' असे नव्हे. दुसऱ्या प्रश्नाला येणारे आकडे फार मोठे असतात.

इथे आमच्यातला व्याकरणाचा शिक्षक जागा झाला. 'खाडी स्वच्छ व्हावी म्हणून तुम्ही दरमहा किती रुपये द्याल?' आणि 'खाडी अशीच घाण राहू द्यायची, तर तुम्हाला किती रुपये द्यावे लागतील?' पहिल्या वाक्यात मासेमार कर्ता आहे, पण खाडी परक्याची. दुसऱ्यात तो चतुर्थीत जातो आणि खाडी त्याची होते. मालकीचा निवाडा उत्तराआधी, प्रश्नाच्या विभक्तीतच होऊन जातो. अर्थशास्त्रज्ञांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. हक्क कोणाचा यावर प्रश्न कसा विचारायचा ते ठरते, हे त्यांच्याच पुस्तकांत आहे. तरीही समितीची शिफारस सावध आकड्याच्या बाजूने, म्हणून बाईंनी पहिलेच वाक्य ठेवले.

बंदरावर एका वृद्ध मासेमाराने ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "घाण कोणी केली? त्याला विचारा."

याला शास्त्रात 'निषेधाचे शून्य' म्हणतात. ही उत्तरे सहसा गणितातून बाजूला काढली जातात. त्यामागे तर्क आहे: शून्य धरले तर या माणसाला खाडी कवडीमोल वाटते असा अर्थ निघेल, आणि तो उघडच खोटा. पण बाजूला काढल्यावर राहते काय? ज्यांनी प्रश्न मान्य केला, त्यांचीच सरासरी. वास्तविक 'जो प्रदूषण करील त्याने भरावे' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्वीकारले आहे. म्हणजे कायदा त्या मासेमाराच्या बाजूने बोलतो, आणि प्रबंधाच्या कोष्टकात त्याला जागा नाही. जिथे २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली रस्ता गुलाबी झाला, त्या डोंबिवलीत तरी हे उत्तर अनपेक्षित नव्हते.

यावर आम्हा दोघांतच मतभेद झाले. एकाचे म्हणणे, प्रश्नच बदलावा. दुसऱ्याचे म्हणणे, प्रश्न बदलला तर बाईंचे आकडे अन्य कोणाच्या आकड्यांशी ताडून पाहता येणार नाहीत, आणि पदवी त्यांना हवी आहे, आपल्याला नव्हे. समीक्षेत आपण 'मूल्य' हा शब्द किती सैलपणे वापरतो, यावरही त्या दुपारी बरीच वादावादी झाली. ती इथे नको.

बाईंनी तोडगा काढला. नकार देणाऱ्या प्रत्येकाचे कारण त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, परिशिष्टात द्यायचे. खाली इंग्रजी भाषांतर, ते आम्ही करायचे. मार्गदर्शकांनी संमती दिली आहे. बाहेरचे परीक्षक कोण असतील ते अजून ठरायचे आहे.