फ्रिजमागचं सॉकेट

रेडिंगमधला आमचा जुना फ्लॅट आम्ही भाड्यानं दिलाय. 'घरमालक' या शब्दाची मला अजून सवय नाही. पुण्यात दहा वर्षं मी भाडेकरू होतो, त्यामुळे मालक म्हटलं की डिपॉझिट बुडवणारे काकाच डोळ्यांसमोर येतात.

इंग्लंडमध्ये २०२०च्या नियमांनुसार भाड्याच्या घराची वायरिंग किमान दर ५ वर्षांनी तपासून घ्यावीच लागते. २०२३मध्ये आमचा रिपोर्ट आला: असमाधानकारक. फ्यूजबोर्ड प्लास्टिकचा, म्हणून सी२. दुरुस्तीला २८ दिवस. नवा बोर्ड ९०० पौंडांना, आणि बसवणार तपासणारा इलेक्ट्रिशियनच!

सी१ म्हणजे आत्ताच धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारणा केलेली बरी. सी३नं घर नापास होत नाही. नवा बोर्ड न जळणाऱ्या, म्हणजे बहुधा धातूच्या, पेटीत हवा हा नियम २०१६पासूनचा. त्यामुळे आधीचा धडधाकट बोर्ड काही रातोरात धोकादायक ठरत नाही. त्यावर जळाल्याच्या खुणा नसतील तर फार तर सी३. हे सगळं मी रात्री दोनपर्यंत वाचून काढलं आणि जाम चिडलो.

बाबांना फोन लावला. ते सांगलीत वायरमन होते. माझं भाषण त्यांनी निम्म्यावरच तोडलं. "बोर्ड राहू दे. सॉकेट कुठलं तापतंय का, विचारलंस तिला?"

भाडेकरू बाई नर्स आहेत, मुलगा चार वर्षांचा. त्या म्हणाल्या, "मार्चमध्येच कळवलं होतं तुम्हाला."

मी व्हॉट्सअ‍ॅप वर सरकवत गेलो. 'फ्रिजजवळ जळका वास येतो.' खाली माझा अंगठा. 👍

दुसऱ्या इलेक्ट्रिशियननं फ्रिज ओढला. मागच्या सॉकेटमधली तार सैल होती, प्लास्टिक तपकिरी झालेलं. पहिल्या रिपोर्टात शेवटी बारीक अक्षरात होतंच: जड सामानामागची सॉकेटं तपासलेली नाहीत. ते मी वाचलं नव्हतं. मी फक्त ९००चा आकडा वाचला होता.

सॉकेट बदलायला ८५ पौंड लागले. बोर्डाला सी३.

नवा रिपोर्ट द्यायला गेलो. बाईंनी उभ्याउभ्याच शेवटच्या पानापर्यंत वाचला. फ्रिज भिंतीला लावून देऊ का, मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "मागे हात जाईल इतका पुढेच असू दे."