बसल्या जागेवरून

साठी उलटलेल्या बाईने काय शिकावे, याबद्दल आपल्याकडे फारसे मतभेद नाहीत. गीतेचा एखादा अध्याय, गुडघ्यांसाठी योगासने, फार तर पेटी. मी विमान चालवायला शिकते आहे असे सांगितले, की ऐकणाऱ्याचा चेहरा क्षणभर कोरा होतो. मग मी घाईघाईने खुलासा करते, की विमान खरे नव्हे, संगणकावरचे आहे, आणि ते आमच्या मागल्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी मांडलेल्या टेबलावरून उडते. तेव्हा तो चेहरा पूर्ववत होतो. पण त्यावर क्षणभर उमटलेला आदर मात्र मावळतो. नातवंडांचा खेळ म्हातारीने हाती घेतला, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो.

खेळच आहे तो. मी कुठे नाही म्हणते? या खेळाचा मूळपुरुषसुद्धा करमणुकीच्या बागेतच वाढला. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण राहत असे. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. मुलाला उडायचे वेड. पण खऱ्या विमानातली शिकवणी परवडेना. तेव्हा त्याने १९२९ साली कारखान्यातलेच भाते आणि हवेचे पंप घेऊन एक बुटके लाकडी विमान तयार केले. आत बसून दांडा हलवला, की भाते फुगत-मिटत आणि ते डोलू, कलू लागे. आपली पेटी ज्या तत्त्वावर वाजते, त्याच तत्त्वावर ते जमिनीवर उडे. पहिली गिऱ्हाइके मिळाली ती करमणुकीच्या बागांची. विमान चालवणाऱ्या शहाण्या मंडळींनी त्याकडे ढुंकून पाहिले नाही. पुढे १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम येऊन पडले. ढगांत आणि अंधारात केवळ यंत्रांकडे पाहून उडायची सवय त्यांना नव्हती. थोड्याच आठवड्यांत कितीतरी तरुण मेले. तेव्हा कुठे लष्कराला लिंकच्या खेळण्याची आठवण झाली, आणि सहा नग विकत घेतले गेले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या पेटाऱ्यात बसून शिकले.

घरगुती संगणकावर हा खेळ आला तो ब्रूस आर्टविक नावाच्या माणसामुळे. मायक्रोसॉफ्टने १९८२ साली त्याचा कार्यक्रम बाजारात आणला. त्यात विमान उभे असे शिकागोच्या सरोवरकाठी, मेग्ज फील्ड या चिमुकल्या विमानतळावर. जगभरच्या हजारो मुलांनी आपले पहिले उड्डाण तिथून केले, ते शिकागो कधीही न पाहता. गंमत अशी, की २००३ च्या मार्च महिन्यात एका रात्री तिथल्या महापौरांच्या हुकमावरून ती धावपट्टी उखडून टाकण्यात आली. आता त्या विमानतळावर उतरायचे, तर ते संगणकातच. 

पण मी या खेळात पडले ती काही इतिहासाच्या ओढीने नव्हे.

माझी धाकटी मुलगी विमान चालवायला शिकण्यासाठी धुळ्याला गेली. रोज रात्री तिचा फोन येई. "आज काय केलंस?" असे विचारले, की ती म्हणे, "सर्किट." सर्किट म्हणजे आमच्या घरात विजेचे, ते जळते आणि वायरमनला बोलवावे लागते. मी पुढे विचारी, "कसं झालं?" त्यावर उत्तर ठरलेले : "ठीक." मुले आईला ज्या सुरात 'ठीक' म्हणतात, तो सूर ज्यांनी ऐकला असेल त्यांना वेगळे सांगायला नको. त्या शब्दाला आतून कडी असते. एकतीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. वाऱ्यांच्या दिशा, ढगांचे प्रकार, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा प्रदेश हे सगळे मुलांकडून घोकून घेतले. आणि माझीच मुलगी ज्या वाऱ्यात आणि ज्या ढगांत दिवस काढीत होती, त्याबद्दल चार शब्द बोलण्याइतकी भाषा माझ्यापाशी नव्हती.

तिचा संगणक आणि पकडायचा दांडा घरीच पडून होता. शेजारच्या मुलाने तो झटकून, जोडून दिला आणि जाताना म्हणाला, "काकू, पडलात तरी घाबरू नका. पुन्हा धावपट्टीवर येता येतं." एवढे उदार आश्वासन मला आजवर कोणत्याही गुरूने दिलेले नाही.

माझ्या वाट्याला आलेले विमान म्हणजे सेसना १७२. चार माणसांचे, एका पंख्याचे, साध्या स्वभावाचे. ते पहिल्यांदा १९५५ साली उडाले, आणि आजवर या जातीची ४४,०००हून अधिक विमाने तयार झाली आहेत. धाकटी त्यावरच शिकत होती. पहिला धडा असा, की इंजिनाला जोर दिला की विमान सरळ पळत नाही, डावीकडे ओढ घेते. पुढचा पंखा फिरतो, त्याने लोटलेली हवा विमानाभोवती पिळा घेत मागे जाते आणि शेपटीच्या उभ्या पडद्यावर एका अंगाने आपटते. जोडीतला एक बैल जरा जास्त ओढणारा निघावा, तसे हे. म्हणून उजव्या पायाने सुकाणू दाबून धरायचे. माझ्याकडे पायांची पट्टी नसल्याने मी दांडाच पिळते. वेग ५५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर झाला, की दांडा हलकेच आपल्याकडे ओढायचा. जमीन आपोआप सुटते. ती इतक्या शांतपणे सुटते, की पहिल्या वेळी मला काही झाल्याचे कळलेच नाही.

खरी विद्या पुढेच आहे. विमान वर न्यायचे तर नाक वर करावे, हे कुणीही सांगेल. पण नाक वर करीतच राहिले तर ते वर जात नाही, पडते. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन सुमारे १५ अंशांच्या पलीकडे गेला, की हवा पंखाला धरून वाहायची थांबते आणि पंखाचा आधार सुटतो. याला स्टॉल म्हणतात. इंजिन चालूच असते. बंद पडतो तो पंख. आणि त्यावरचा उपाय तर फारच चमत्कारिक : विमान पडू लागले की नाक आणखी खाली करायचे. दांडा सोडायचा, पुढे लोटायचा. हाताला वाटते ओढावे. आयुष्यभर त्या हाताने जे जे पडायला लागले ते ते ओढून धरलेले असते. पाळण्यातले मूल, ओट्यावरचे पातेले, गच्चीच्या कठड्यावर चढलेली पोर. इथे ओढले की मेले.

ही वेळ जवळ आल्याचे सांगायला सेसनाच्या डाव्या पंखाच्या कडेला एक भोक असते. कोन वाढला, की त्यातून हवा उलटी ओढली जाते आणि वैमानिकाच्या डोक्याजवळ एक पातळ जीभ थरथरून सूर काढते. थेट पेटीचा सूर! विजेचा संबंध नाही. लिंकच्या ऑर्गनांच्या कारखान्यातून निघालेली ही विद्या शेवटी पुन्हा सुरापाशीच आली, याचे मला फार कौतुक वाटते. पहिले काही दिवस आमच्या घरात संध्याकाळभर तो सूर रडत असे. हे बाहेरच्या खोलीतून वर्तमानपत्रावरची नजर न काढता विचारीत, "पडलीस का?" मी म्हणे, "अजून नाही." थोड्या वेळाने सूर थांबे, आणि ते समजून जात.

भूगोलाच्या बाईला या खेळात आणखीही सुख आहे. ते सांगितल्यावाचून राहवत नाही. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची दिशा, अंशांतला शेवटचा आकडा गाळून. जुहूच्या पट्टीला ०८ म्हणतात, म्हणजे ती होकायंत्रावर ८० अंशांच्या आसपास, जवळजवळ पूर्वेला तोंड करून. उलट बाजूने तीच २६. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाहीच, म्हणून नकाशा आणि पट्टी यांचे छान जमते. याच जुहूच्या मैदानात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उतरले. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई, म्हणून टपालाची विमाने तेवढे महिने पुण्याहून ये-जा करीत. मी जुहूहून निघते, खाडी ओलांडते आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. फळ्यावर खडूने कितीदा काढली होती ती! तिची उंची मीटरांत पाठ होती. पण खालून सरळ तिच्या अंगावर जाताना जो प्रश्न पडतो, तो पाठ्यपुस्तकात नव्हता : माझे विमान इथून तिथवर तेवढे वर चढेल का? उंची ही पाठ करायची गोष्ट नसून मिळवायची गोष्ट आहे, हे मला बोरघाटावर कळले. मधूनच इंटरनेट मंदावते, आणि मग अख्खा डोंगर मळलेल्या कणकेसारखा गोळा होऊन बसतो. तेवढ्यात मी चहा टाकून येते.

एका रात्री मात्र मी हा खेळ अर्ध्यावर टाकला. सांताक्रूझहून उठून मी समुद्रावर गेले होते. मागे शहराचे दिवे. पुढे काहीच नाही. पाणी आणि आकाश यांच्यातली रेघ पुसलेली. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे सांगणारे एकच साधन : समोरच्या तबकडीतले कृत्रिम क्षितिज. १ जानेवारी १९७८ च्या रात्री याच समुद्रावर एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे दुबईला निघालेले जंबो विमान पडले. कप्तानासमोरचे तेच यंत्र बिघडले होते. विमान सरळ होऊ लागले तरी ते उजवीकडे कलल्याचेच दाखवीत राहिले. कप्तान ते सरळ करण्यासाठी डावीकडे कलवीत गेले. बाहेर पाहावे तर काळोख. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे २१३ माणसे गेली. 

अशा वेळी शरीर काही सांगत नाही का? सांगते, आणि खोटे सांगते. कानाच्या आतल्या तीन अर्धगोल नळ्यांत जे पाणी असते, ते लांबलेल्या वळणात विमानाच्या बरोबरीने फिरू लागते आणि मेंदूला कळवते, की आपण सरळच चाललो आहोत. म्हणून वैमानिकाला आधी स्वतःच्या कानावर अविश्वास ठेवायला शिकावे लागते. माझी लाकडी खुर्ची मात्र कलत नाही. तिच्यात बसून माझे कान मला कधीच फसवणार नाहीत. आणि म्हणूनच त्या फसवणुकीशी झगडणे मला कधी येणार नाही. धाकटीच्या सरांनी तिला पहिल्या आठवड्यातच सांगितले होते, की संगणकावर शिकलेली मुले यंत्रांकडेच बघत बसतात, खिडकीबाहेर बघत नाहीत. ती सवय मोड. या खेळात विमान आहे, वारा आहे, सूर आहे. नाही ते शरीर. भीतीला राहायला जागाच नाही. त्या रात्री मी संगणक बंद केला तेव्हा भीती होती, पण ती माझ्या विमानाची नव्हती. ती धुळ्याची होती.

फेब्रुवारीत एका रात्री ती म्हणाली, "उद्या बहुतेक सर उतरतील." आता मला त्याचा अर्थ कळत होता. शिकवणारा धावपट्टीच्या कडेला उतरतो, दार लावतो आणि शिष्याला एकट्याने एक फेरी मारून यायला सांगतो. यांनाही मी समजावून सांगितले. सकाळी मी त्या टेबलाकडे फिरकले नाही. धुळ्याचा वारा तेवढा फोनवर पाहिला : पश्चिमेचा, मंद. मग तांदूळ निवडले. निवडलेले पुन्हा निवडले. यांनी ते पाहिले, आणि काही न बोलता दुसरे ताट माझ्यापुढे सरकवले.

साडेनऊच्या पुढे फोन वाजला.

"आई, झालं."

"लवकर उचललं का गं?"

ती क्षणभर गप्प झाली. "तुला कसं कळलं?"

"सरांचं वजन नव्हतं ना."

मग जी ती बोलत सुटली, ती थांबेचना. विमान एकदम हलके झाले, पट्टीच्या निम्म्यातच सुटले. वळताना सवयीने उजवीकडे पाहिले, तर खुर्ची रिकामी. पट्टा मात्र नीट बांधून ठेवलेला. उतरताना वारा थोडा बाजूने आला.

"नजर कुठे होती? पट्टीच्या टोकाला?"

"टोकाला."

"आणि टेकताना सूर वाजला?"

"वाजला. अगदी टेकायच्या आधी, बारीकसा."

"मग बरोबर टेकलीस." चांगल्या उतरण्यात चाके टेकता टेकता पंख थकतो आणि सूर निघतो, मला शंभरातून पाच वेळा जमते.

पलीकडे ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई, शेवटच्या वळणावर माझे पाय थरथरत होते. सुकाणूवर ठरतच नव्हते. सरांना सांगितलेलं नाही मी."

"मग काय केलंस?"

"मोठ्यांदा वेग वाचत राहिले. पासष्ट, पासष्ट, पासष्ट."

ती आणखी पुष्कळ सांगत होती. समोर हे हातात ताट धरून उभे राहिले होते आणि भुवया उंचावून विचारीत होते, काय म्हणते? मी त्यांना हातानेच थांबवले आणि ऐकत राहिले.