काउंटरच्या अलीकडे

बंगळुरूच्या सज्जनराव सर्कलवर संध्याकाळी सहाच्या सुमारास व्ही. बी. बेकरीसमोर जी माणसं दिसतात त्यांना रांग म्हणता येत नाही. ते एक दाट अर्धवर्तुळ असतं. बसायला खुर्ची नाही, टेकायला जागा नाही. कापडी पिशवी सांभाळणारी आजी, शिकवणीहून आलेली मुलं, हेल्मेट न काढताच आत डोकावणारा स्कूटरवाला, सगळे काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून एकाच वेळी बोलतात. ‘अण्णा, एरडु खारा बन कोडी!’ अण्णा, दोन खारा बन द्या! आणि काउंटरच्या पलीकडचा अण्णा कोण आधी आलं होतं ते बरोबर ध्यानात ठेवून हात चालवतो.

ही बेकरी 1953 सालची. विश्वेश्वरपुरम या वस्तीचं नाव तिने घेतलं आणि शेजारची खाऊगल्ली, म्हणजे ‘तिंडी बीदी’, गाजायला लागली तरी आपला काउंटर तसाच उभ्याउभ्याचा ठेवला. इथला खारा बन म्हणजे कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कढीपत्ता पिठातच मिसळून भाजलेला मऊ, तिखट पाव. तो मधोमध चिरून लोणी लावून घ्यावा. दुसरा मान ‘काँग्रेस’चा. काँग्रेस म्हणजे हिंग, मिरी, हळद आणि कढीपत्त्याने माखलेले, दोन पाकळ्या झालेले शेंगदाणे. नवखा माणूस या नावाचं कारण विचारतोच, आणि मग शेजारी उभं असलेलं कुणीतरी 1969 सालच्या पक्षफुटीची गोष्ट सांगतं. त्या वर्षीच्या जुलैत काँग्रेसचं वादळी अधिवेशन जवळच्याच लालबागेत भरलं होतं. पक्ष दुभंगला तसे दाणे दुभंगलेले, अशी ती आख्यायिका. ती खरी असो वा नसो, तिला जिवंत ठेवलंय ते गिऱ्हाइकांनी.

बंगळुरूच्या बेकऱ्यांना गिऱ्हाइकांनी घडवलं, हे त्यांच्या इतिहासाच्या पहिल्या पानापासून दिसतं. हासन भागातून आलेल्या एच. एस. तिरुमलाचार यांनी आपल्या भावाच्या साथीने 1898 मध्ये चिकपेट परिसरात बी. बी. बेकरी सुरू केली. बी. बी. म्हणजे बँगलोर ब्रदर्स. शहरातली ही पहिली अय्यंगार, म्हणजे दाक्षिणात्य वैष्णव ब्राह्मणांनी चालवलेली, बेकरी मानली जाते. तिची जन्मकथा अशी सांगतात, की त्यांचं आधी मिठाईचं दुकान होतं आणि तिथे नेहमी येणाऱ्या एका इंग्रज गिऱ्हाइकाने त्यांना पाव भाजायला शिकवलं. घ्यायला आलेला माणूस दुकानदाराला नवी विद्या देऊन गेला आणि त्या विद्येवर पुढे शेकडो घरं उभी राहिली.

त्याच वर्षी शहरात प्लेग आला. पेठांमधली दाटी सोडून माणसं बसवनगुडी, मल्लेश्वरमसारख्या नव्याने आखलेल्या मोकळ्या वस्त्यांकडे सरकली. जुन्या पेठेतलं गिऱ्हाईक जिथे गेलं, तिथल्या कोपऱ्यांवर यथावकाश बेकऱ्याही आल्या.

मराठी वाचकाला या बेकऱ्यांपुढची एक अडचण चटकन उमजेल. वसईपासून गोव्यापर्यंत विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पाव हा पदार्थच संशयाचा होता. कुणी मळला, कशाने फुगवला, त्यात अंडं आहे का, हे प्रश्न कर्नाटकातल्या सोवळ्या घरांतही होतेच. अय्यंगार बेकरीने त्यांना उत्तर दिलं ते अंड्याशिवाय भाजून. स्पंज केक बिनअंड्याचा, बिस्किटं बिनअंड्याची, आणि भट्टीपाशी उभा असलेला माणूस घरच्यांच्या ओळखीचा. मग ज्या घरात पावाला उंबरठा बंद होता, तिथे उपनयनाच्या पाहुण्यांसाठी बेण्णे बिस्किटांचे, म्हणजे लोण्याच्या बिस्किटांचे, पुडे येऊ लागले. आजारी माणसाला डॉक्टरांनी सांगितलेला ब्रेड मिळू लागला. मुलांच्या वाढदिवसाला मधाचा पाक मुरलेला, वर जॅम आणि खोबऱ्याचा कीस पसरलेला हनी केक आला. त्या घरांमधल्या बायकांनी हा विश्वास टाकला नसता, तर ही चव चिकपेटच्या पलीकडे गेली नसती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, फ्रेझर टाउनच्या मॉस्क रोडवर, वेगळं गिऱ्हाईक आणि वेगळी बेकरी. अल्बर्ट बेकरी 1902 पासूनची. ती दुपारनंतर उघडते आणि खव्याचा नान, मटणाचे आणि भेज्याचे पफ मांडते. रमझानमध्ये मॉस्क रोडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि ईस्टरच्या दिवसांत याच बेकरीत क्रूसाची खूण असलेले हॉट क्रॉस बन घ्यायला ख्रिस्ती कुटुंबं येतात. बसवनगुडीच्या आजीची आणि मॉस्क रोडवरच्या चाचांची आवड जुळण्यासारखी नाही. तरी दोघंही बोटाने पफ चाचपून एकच प्रश्न विचारतात: ‘बिसी इदेया?’ गरम आहे का?

साध्या गल्लीतल्या बेकरीत ही देवघेव आणखी जवळून दिसते. ब्रेडच्या दोन कापांवर कांदा, किसलेलं गाजर आणि मसाला घालून तव्यावर लोण्यात भाजलेला टोस्ट हे परगावाहून आलेल्या कितीतरी मुलांचं रात्रीचं जेवण असतं. पुण्या-कोल्हापूरहून नोकरीला आलेल्या मुलाचे कन्नडचे पहिले शब्द याच काउंटरवर फुटतात. ‘बेकू’, ‘बेडा’, ‘स्वल्प खारा’, ‘एष्टु’: हवं, नको, थोडं तिखट, किती. तो चुकतो, अण्णा न हसता दुरुस्त करतो, आणि महिन्याभरात त्याने तोंड उघडण्याआधीच टोस्ट तव्यावर पडलेला असतो.

2025 च्या जुलैत ही जवळीक कसाला लागली. यूपीआयवरच्या उलाढालीच्या नोंदी पाहून कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण खात्यात आलेल्या रकमेत ब्रेड-दुधासारखा करमुक्त माल किती आणि करपात्र किती, हे वेगळं काढणार कसं? घाबरलेल्या बेकऱ्यांनी क्यूआर कोडचे फलक उतरवले आणि ‘फक्त रोख’ अशा चिठ्ठ्या लावल्या. खिशात नोट न बाळगणाऱ्या पिढीला पुन्हा एटीएम शोधावं लागलं. दुकानदारांनी पुकारलेला 25 जुलैचा बंद मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याशी झालेल्या बैठकीनंतर मागे घेतला गेला. त्या दिवसांत ज्याच्याकडे सुटे नव्हते, त्या ओळखीच्या माणसाला ‘नाळे कोडी’, उद्या द्या, एवढं म्हणून पुडा देणारी दुकानंच कामी आली.

‘बेंगलोर अय्यंगार बेकरी’ हा फलक आता मुंबई-पुण्याच्या उपनगरांतही दिसतो. तो लावणारे सगळेच अय्यंगार नसतात. तिथल्या गिऱ्हाइकाने खारा बनपेक्षा खारी, क्रीमरोल आणि बिनअंड्याचा वाढदिवसाचा केक मागितला, आणि बेकरीने तो दिला.

बंगळुरूत अलीकडे नवी विचारणा सुरू झाली आहे: यात मैदा किती? म्हणून बेण्णे बिस्किटांच्या बरणीशेजारी रागीच्या बिस्किटांची बरणी आली. मधुमेह सांभाळणारी आजी ती पाव किलो तोलायला सांगते, नातू हनी केकच्या काचेला नाक लावून उभा असतो, आणि अण्णा ‘अज्जी, ओंदु पीस?’ म्हणत केकवर सुरी ठेवतो. मागून कुणीतरी टोस्टसाठी ओरडतं. आजी मान डोलावते.