महिन्यात न मावणारा हिशेब

खर्चाची नोंद ठेवणारं कुठलंही अ‍ॅप उघडा, ते आधी महिन्याचं उत्पन्न विचारतं. शहाद्यातला प्राध्यापक किंवा नवापूरच्या कचेरीतला कारकून क्षणात आकडा भरतो. धडगावच्या वरच्या पाड्यावरच्या बाईनं काय भरायचं? तिच्या घरी पैसा ऋतूनं येतो. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवलेल्या आमचुराचा येतो. पावसाळ्यात येतच नाही. मग ऊसतोडीच्या मुकादमाची उचल एकरकमी हातात पडते आणि बियाण्याची उधारी, आजारपण, लग्नाचं देणं यांत जाते. ती फेडायला नवरा-बायको कोयता घेऊन गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात. अ‍ॅपला ती उचल कमाई वाटते. तिचा हिरवा आकडा दाखवून ते अभिनंदनही करतं. खरं तर ते कर्ज असतं, अजून न केलेल्या मजुरीवर काढलेलं.

म्हणून मी नवं अ‍ॅप हाती आलं की पगारदाराचा हिशेब भरून पाहत नाही. अशाच एका घराचं साल त्यात घालून पाहतो. कोण कुठे अडतं ते लगेच कळतं. खावटीची ओळ तर फारच थोड्यांना पेलते. पावसाळ्याच्या कोरड्या महिन्यांत आदिवासींना सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून 1978 पासून आदिवासी विकास महामंडळ खावटी कर्ज देत असे. कोरोनाच्या काळात शासनानं ते अनुदान म्हणून दिलं : कुटुंबामागे 4000 रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याची डाळ, कडधान्यं, तेल. खात्यात आलेले दोन हजार अ‍ॅपला दिसतात. डब्यात आलेली डाळ दिसत नाही, आणि घर तर त्या डाळीवर तगलेलं असतं.

बँकेचे मेसेज वाचून आपोआप नोंद करणाऱ्या अ‍ॅपचं शहरात कौतुक होतं. आठवडे बाजारात रोख घेतलेल्या मीठ-तेलाचा मेसेज कधी येत नाही. शिवाय मेसेज वाचणारा उद्या कर्जही विकायला येतो. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी फोनमधली संपर्कयादी उघडू नये, असं रिझर्व्ह बँकेला 2022 मध्ये बजावावं लागलं, ते उगाच नाही.

मला पटलेलं साधन जुनं आहे, जीएनयूकॅश. ते 1998 मधलं, म्हणजे धुळ्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षीचं. ते फुकट आहे, नेटशिवाय चालतं, आणि हिशेबाची फाइल आपल्याच संगणकावर राहते. अमेरिकेतलं गाजलेलं मिंट अ‍ॅप 2024 मध्ये बंद झालं, तेव्हा वर्षानुवर्षांच्या नोंदी दुसरीकडे हलवायची पाळी लोकांवर आली. फाइल आपल्याकडे असली की ही धास्ती नाही. जमा-नावेच्या रीतीमुळे उचल सरळ देण्याच्या खात्यात बसते आणि डाळीलाही स्वतःचं खातं मिळतं. पण त्याला संगणक लागतो, शिकवणारं माणूस लागतं. पाड्यावर दोन्ही नाहीत.

29 सप्टेंबर 2010 रोजी देशातली पहिली आधार ओळखपत्रं आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटली गेली. शासनाला इथली माणसं मोजता यावीत म्हणून यंत्र इतक्या लवकर आलं. या माणसांना स्वतःचं मोजता यावं म्हणून मात्र अजून काही आलेलं नाही, आणि ते मला सलतं. ऊसतोडीचा हंगाम संपला की मजुरांच्या पडावावर हिशेब होतो. किती टन तोडला, उचलीतून किती वळते झाले, मध्ये धान्याला किती घेतले, हे सगळं मुकादमाच्या वहीत असतं. समोरच्या दोघांकडे फक्त आठवण असते.

त्या वहीशेजारी ठेवता येईल असं अ‍ॅप कुणी करणार असेल, तर त्यात रंगीत तक्ते नसले तरी चालतील. भिली किंवा पावरीत बोलून नोंद करता यावी. वजनाच्या पावतीचा फोटो त्याच दिवसाच्या ओळीला चिकटावा. साल होळी ते होळी धरता यावं. आणि पहिल्या पडद्यावर उत्पन्नाऐवजी त्यानं विचारावं, उचल किती घेतली?