गादी कुणाची ते माहीत होतं, व्हॉल्व्ह कुठे ते नव्हतं

(पोस्ट मोठी आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' बघायची राहिली असेल तर स्पॉयलर आहेत. ही पोस्ट कुठल्याच पक्षाच्या बाजूची किंवा विरोधातली नाही, त्या अपेक्षेनं आला असाल तर पुढे सरका, राग नाही.)

डिसेंबरात अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, जानेवारीत उल्हासनगर महापालिकेची. निकालानंतर अंबरनाथमध्ये कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलं याच्या बातम्या पार राष्ट्रीय चॅनलवर गेल्या. तेव्हा आमच्या ट्रेनच्या ग्रुपवर एक मीम आलं. तलवारींचं ते लोखंडी सिंहासन आणि खाली लिहिलेलं, 'गेम ऑफ अंबरनाथ'. मी हसलो आणि तीन ग्रुपवर फॉरवर्ड केलं.

पाच मिनिटांनी काकांचा मेसेज आला : 'पाणी किती दिवसाआड येणार ते पण कुणीतरी टाका.'

त्यावर कुणी काही बोललं नाही. एक थम्सअप आला फक्त. पण मला त्या मेसेजनं जुन्या एका वादात नेऊन सोडलं, म्हणून ही पोस्ट.

आमचा ग्रुप म्हणजे सकाळच्या बदलापूर फास्टमधला. मी आणि एक पोरगा बदलापूरला चढायचो. काका अंबरनाथचे, पण सीट मिळावी म्हणून उलटे बदलापूरला यायचे आणि तीच गाडी पकडायचे. उल्हासनगरला आमचा सिंधी मित्र चढायचा, किंवा चढायचा प्रयत्न करायचा. त्याला आम्ही साईं म्हणतो. त्याची नोकरी फोर्टात. तिथल्या फुटपाथवरून त्यानं 'गेम ऑफ थ्रोन्स'चं पहिलं पुस्तक सेकंडहँड उचललं आणि मग एकेक करत पाचही जमवली.

सीझन सुरू असला की सोमवार म्हणजे धमाल. अमेरिकेत रविवारी रात्री लागायचा तो भाग आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर यायचा. म्हणजे ऐन आमच्या गाडीच्या वेळेला. अर्धा डबा इअरफोन लावून मान खाली घालून. कल्याण येईपर्यंत नेट गंडायचं, कुणाचा तरी व्हिडिओ पुढे असायचा, तो 'अर्रर्र' करायचा आणि बाकीचे त्याच्यावर खेकसायचे.

आणि मग वाद. पोरगा मालिकावाला, साईं पुस्तकवाला. साईं म्हणायचा, टिरियनचं लढाईत नाकच कापलं जातं, तुमच्या मालिकेत नुसता व्रण देऊन भागवलंय. लेडी स्टोनहार्ट कुठाय? मेलेली कॅटलिन पुस्तकात परत येते आणि माणसं फासावर लटकवते, ती मालिकेनं गाळूनच टाकली. रॉबची बायको बदलली, सगळ्यांची वयं वाढवली. पोरगा म्हणायचा, हजार पानं कोण वाचणार साईं, मला एका तासात ड्रॅगन दिसतो ना, बास.

मी दोघांच्या मधे. मराठी माध्यमातला माणूस. साईंकडून पहिलं पुस्तक घेतलं तेव्हा पानागणिक मोबाईलवर शब्द शोधत होतो. पहिल्याला चार महिने लागले. पण पुढे सवय झाली आणि नंतरची दीड वर्षात संपवली, बहुतेक सगळी ठाणे ते बदलापूर या टप्प्यात, उभ्यानं.

काका या वादात नसायचे. त्यांचं म्हणणं, हे सगळं आम्ही 'चंद्रकांता'च्या वेळी करून झालंय. देवकीनंदन खत्रींची कादंबरी १८८८ ची, दूरदर्शनवर मालिका आली १९९४ मध्ये. पुस्तक वाचलेला एक हिंदी भाषिक फोरमन काकांच्या खात्यात होता. तो दर सोमवारी डबा खाताना सांगायचा की हे असं नाहीच्चे मुळी. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? क्रूरसिंग आणि त्याचं 'यक्कू'.

तर हे काका. एकदा मुंब्र्याच्या आधी गाडी उभी होती आणि आमचं चाललेलं, गादी कुणाला मिळणार. जॉनला, डेनेरिसला की आणखी कुणाला. काकांनी पेपर खाली केला आणि विचारलं, 'तुमच्या त्या राज्यात एवढी वर्षं लढाई चाललीय. लोक खातात काय?'

पोरगा म्हणाला, 'काका, ते दाखवत नाहीत.'

साईं म्हणाला, 'पुस्तकात आहे.'

आणि खरंच आहे. तेव्हाच मला कळलं की दोन्हीत खरा फरक कुठला.

पाचव्या पुस्तकात, २०११ च्या 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'मध्ये, जॉन स्नो उत्तरेच्या भिंतीवरचा सेनापती असतो. आपल्याला वाटतं आता लढाई. पण तो बोवेन मार्श नावाच्या कारभाऱ्याला घेऊन कोठारात उतरतो आणि साठा मोजत बसतो. धान्य किती, मांस किती, खाणारी तोंडं किती, हिवाळा किती लांब. पुरणार नाही हे दिसल्यावर तो परदेशी बँकेच्या माणसाबरोबर बसून धान्यासाठी कर्जाची घासाघीस करतो. मालिकेतही त्या बँकेचा माणूस येतो, पण राजेलोकांच्या लढाईला पैसे पुरवायला. जॉनचं धान्याचं कर्ज गळालं.

दुसरं. चौथ्या पुस्तकात मेरिबाल्ड नावाचा एक अनवाणी धर्मगुरू आहे. बरोबर गाढव आणि कुत्रा. युद्धानं उजाड झालेल्या गावागावांतून तो फिरतो, लोकांसाठी खायचं घेऊन जातो. वाटेत तो सांगतो की रानात लपलेले, लूटमार करणारे हे सैनिक मुळात कोण. शेतावरची पोरं. मालकानं बोलावलं म्हणून भावांबरोबर, मित्रांबरोबर निघालेली. लढाई कशासाठी हे माहीत नाही. एकेक जण डोळ्यांसमोर मरतो आणि एक दिवस उरलेला माणूस आतून मोडतो. दोनेक पानांचंच आहे, पण मला पाच पुस्तकांतलं सगळ्यात जास्त तेच लक्षात राहिलंय. मालिकेत त्याच्यासारखा एक जण सहाव्या सीझनला एका भागापुरता येतो आणि त्याच भागात मारला जातो.

मालिकावाल्यांची बाजू पण सांगतो, नाहीतर पोरगा मला ब्लॉक करेल. ७३ भागांत सगळं बसत नाही. लेखकानं सहावं पुस्तक अजून दिलेलं नाही, त्यामुळे शेवटी त्यांना रस्ता स्वतःच काढावा लागला. धान्याचा विषय मालिकेतही एकदोनदा निघतो. आणि मालिका नसती तर मी पुस्तकाला हातसुद्धा लावला नसता. पण जागा कमी पडल्यावर काय ठेवायचं आणि काय काढायचं यात माणूस कळतो. त्यांनी गादी ठेवली. धान्य, रस्त्यावरची माणसं, अनवाणी बुवा आधी काढले.

आता आपल्याकडे या.

२९ एप्रिल २०१९, सोमवार. लोकसभेचं मतदान. त्याच सकाळी आठव्या सीझनचा तिसरा भाग आला, मेलेल्यांच्या फौजेबरोबरची मोठी लढाई. सुट्टी होती म्हणून मी घरी बघितला. एवढा अंधारा भाग की मोबाईलवर निम्मं दिसलंच नाही. मग आंघोळ करून मत द्यायला गेलो. एकाच डब्यात बसणारी आम्ही माणसं, पण मतदारसंघ दोन. काका आणि साईं कल्याणमध्ये, मी आणि पोरगा मुरबाड विधानसभेत म्हणून भिवंडीत. शाई लावलेल्या बोटांचे फोटो ग्रुपवर टाकले आणि लगेच परत कोण मेलं, कोण वाचलं.

२० मे ला शेवटचा भाग. राजा कोण यावर सगळे सरदार बसलेत आणि सॅमवेल म्हणतो की राज्य सगळ्यांचं आहे तर सगळ्यांनाच का विचारू नये. त्यावर सरदार खो खो हसतात. आम्हीही गाडीत हसलो. बोटावरची शाई अजून पुरती गेली नव्हती आणि तीन दिवसांनी आपलीच मतमोजणी होती. हे माझ्या लक्षात आलं फार उशिरा.

त्यानंतर २०२०. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिकांची मुदत संपली. आधी कोरोना, मग प्रभागरचना, आरक्षण, कोर्ट. प्रशासक बसले. २०२२ मध्ये उल्हासनगरचीही मुदत संपली. तिन्ही शहरांत एकही नगरसेवक नाही. जी निवडणूक २०२० ला व्हायची ती झाली २०२५ च्या डिसेंबरात.

आणि या मधल्या काळात आला जून २०२२. सुरत, मग गुवाहाटी. आमचा ग्रुप पेटला होता. कोण कुठल्या हॉटेलात, आकडा किती झाला, कोण फिरणार. साईंनं तर कोण कुठल्या घराण्याचं याचा तक्ताच केला. मी ऑफिसात टॅब उघडा ठेवून काम करत होतो.

त्यातच एका संध्याकाळी आईचा फोन. आई याच तीन शहरांपैकी एका ठिकाणी राहते. कुठलं ते सांगत नाही, तिन्हीकडे घडू शकतं.

'चार दिवस पाणी नाही रे. आपल्याच गल्लीला नाही.'

मी म्हटलं, 'नगरसेवकाकडे जा ना.'

आई म्हणाली, 'जाऊन आले. ते म्हणाले, माझी मुदत संपली, आता कुणी ऐकत नाही माझं. तुला माहीत नाही का, नगरसेवकच नाहीयेत आता?'

मला माहीत नव्हतं. म्हणजे बातमी कधीतरी वाचली असणार, पण डोक्यात नव्हती. गुवाहाटीत किती आमदार आहेत ते मात्र झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. एका कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर. एक जण म्हणाला अर्ज द्या, दुसरा म्हणाला ऑनलाइन टाका. शेवटी पाणी सोडणारा माणूस गाठला. पोरगाच होता, ठेकेदारानं नुकताच लावलेला. तो प्रामाणिकपणे म्हणाला, 'दादा, मला या गल्लीचा व्हॉल्व्हच सापडत नाहीये. जुने मामा गेले, त्यांनी दाखवला नाही.'

आई बाहेर आली. पदर खोचून गल्लीच्या तोंडाशी गेली आणि चपलेनं एक जागा दाखवली. 'इथे झाकण होतं. रस्ता केला तेव्हा वरून काँक्रीट ओतलं. मी तेव्हाच ओरडत होते.'

पोरानं दुपारी ब्रेकर आणला, काँक्रीट फोडलं. खाली झाकण, झाकणाखाली व्हॉल्व्ह. संध्याकाळी सातला पाणी आलं. घरातल्या बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरलं. आई मला काही बोलली नाही. चहा दिला आणि म्हणाली, 'तुझं ते सरकारचं काय झालं मग?'

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. मला सांगताना लाज वाटली एवढंच.

राजकारण बघू नका असं मी म्हणत नाही. गादीवर कोण बसतं याने फरक पडतोच, रस्त्याचं टेंडर तिथूनच निघतं. पण मी पुस्तकवाला म्हणून गाडीत कॉलर ताठ करून फिरायचो, मालिकेनं सामान्य माणूस गाळला म्हणून पोराला लेक्चर द्यायचो, आणि स्वतःच्या शहराची मात्र मालिकाच बघत होतो. गादी तेवढी ठेवली होती. कोठार, गल्ली, आई, सगळं गाळलं होतं.

काकांच्या मेसेजनंतर मी ते मीम डिलीट केलं नाही. चांगलं आहे मीम. पण खाली आमच्या प्रभागाचा हिशोब टाकला. पाणी किती दिवसाआड येतं, किती वाजता, किती वेळ, निवडून आलेले कोण. साईंनं उल्हासनगरच्या त्याच्या कॅम्पचा टाकला. पोरानं टाकलेला नाही अजून, पण परवा गाडीत विचारत होता की अर्ज कुणाच्या नावानं करतात.

याच लेखकाची 'द स्वोर्न स्वोर्ड' नावाची एक छोटी कादंबरी आहे, २००३ ची. डंक नावाचा गरिबीतून आलेला सरदार आणि एग नावाचा त्याचा पोरगेला सेवक. दुष्काळ पडलाय, वरच्या अंगाच्या बाईंनी ओढ्यावर बांध घातलाय, खालच्या म्हाताऱ्या सरदाराचं पाणी तुटलंय. मग दोघांची भांडणं, आणि लढायला आयुष्यात भाला न धरलेले शेतकरी. ड्रॅगन नाही, सिंहासन नाही. पाण्याचं भांडण आहे. पडद्यावर यायची आहे अजून. साईंकडून घेऊन काकांना मराठीत सांगायला सुरुवात केलीय, रोज ठाणे ते अंबरनाथ. बारवी धरणाखाली राहणाऱ्या माणसाला त्यात समजावून सांगावं लागत नाही काही.

आता तुम्ही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे जे कुणी वाचताय त्यांनी खाली फक्त तीन गोष्टी लिहा : प्रभाग, पाणी किती दिवसाआड, आणि तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते कुणाला माहीत आहे. पक्षाचं नाव लिहू नका. तिसऱ्याचं उत्तर येत नसेल तर घरात आईला विचारा.