मागच्या रांगेतली माणसं

दिवाळी अंकांसाठी मी चित्रं काढतो. एकदा एका कथेसाठी एसटी स्टँडवरची गर्दी काढायची होती. पुढची चार माणसं छान जमली, मागे मात्र नुसती गोल डोकी भरली. "ही मागची माणसं कुठे निघालीत?" संपादकांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गर्दी कशी काढतात ते पाहायला दुसऱ्या दिवशी कुलाब्याला कॅफे मोंडेगारमध्ये जाऊन बसलो. तिथे समोरासमोरच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. एका भिंतीवर मुंबईचं जगणं, दुसरीवर कॅफेतलीच वर्दळ. वही काढून भिंतीचा एक वीतभर कोपरा उतरवायला घेतला. दीड तास गेला. त्या कोपऱ्यात भरतीचं माणूसच नव्हतं. प्रत्येकाचं नाक वेगळं, ढेरी वेगळी, बसण्याची तऱ्हा वेगळी. एकाची रेष दुसऱ्याला चालेना.

मारिओंची पात्रं माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास, नटी निंबूपाणी, कचेरीतले गोडबोले. मंत्र्याची लबाडी ते नेमकी पकडायचे, तरी त्या रेषेत कधी विखार दिसला नाही. हे त्यांना कसं साधलं, ते मला त्यांच्या डायऱ्या पाहताना उमगलं.

लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढत, म्हणून आईने कोरी वही हाती दिली. पुढे रोजची डायरी चित्रांतून लिहायची सवयच लागली. 1949, 1950 आणि 1951 च्या डायऱ्या पुस्तकरूपात आल्या आहेत. त्यांत गोव्यातले शेजारीपाजारी आहेत, पाद्री आहेत, मेजवान्या आहेत. 'टाइम्स'साठीची व्यंगचित्रं, पुस्तकांतली चित्रं, भिंतीभर पसरलेली गर्दी हे सगळं नंतरचं. 1959 मध्ये शिष्यवृत्तीवर पोर्तुगालला आणि तिथून लंडनला जाण्याआधीच त्यांचा हात माणसांवर बसला होता. रोज कुणाला तरी नीट पाहायचं आणि रात्री वहीत उतरवायचं, ही त्यांची शाळा.

मीही तशी वही सुरू केली. परवा दादरच्या फलाटावर एक आजोबा दिसले. खांद्याला नातीचं गुलाबी दप्तर, हातात तिचा एकच बूट, आणि दुसरा शोधत ते बाकाखाली वाकलेले. रात्री वहीत काढले.

आता ते माझ्या एसटी स्टँडवर आहेत, अगदी मागच्या रांगेत. बूट सापडला की ते नातीला घेऊन घरी निघणार आहेत.